पक्षांतर्गत उमेदवारनिवड आणि पिछाडीवरील उमेदवार

पक्षांतर्गत उमेदवारनिवड म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी राजकीय पक्षाने आपला अधिकृत उमेदवार ठरविण्याची प्रक्रिया होय. काही देशांत ही निवड पक्षाचे सदस्य किंवा सर्वसाधारण मतदार प्रत्यक्ष मतदानाने करतात. अशा मतदानाला प्राथमिक निवडणूक म्हणतात. तिच्या आधी एकाच पक्षातील इच्छुक उमेदवार परस्परांसमोर उभे राहून जाहीर वादविवाद करतात. पैसा, प्रसिद्धी, घराणे किंवा पक्षनेतृत्वाचा पाठिंबा यांत कमी पडणाऱ्या इच्छुकाला पिछाडीवरील उमेदवार म्हटले जाते. मतदारांपुढे प्रमुख दावेदाराच्या बरोबरीने उभे राहण्याची संधी त्याला बहुधा या वादविवादातच मिळते.

भारतात उमेदवारी देण्याचा अधिकार प्रामुख्याने पक्षश्रेष्ठींकडे असल्यामुळे असे वादविवाद होत नाहीत. येथील पिछाडीवरील इच्छुक मुलाखती, निरीक्षकांच्या भेटी, पक्षांतर आणि बंडखोरी या मार्गांनी आपला दावा मांडतो. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे तालुके ज्या मतदारसंघात येतात, त्या भोर विधानसभा मतदारसंघाच्या इतिहासात या मार्गांची ठळक उदाहरणे आढळतात.

प्राथमिक वादविवादांचा उगम

प्राथमिक निवडणुकीची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. रिपब्लिकन पक्षाचे टॉमस ड्यूई आणि हॅरॉल्ड स्टॅसन यांच्यात १७ मे १९४८ रोजी ऑरेगन राज्यात झालेला वादविवाद हा या प्रकारातील आरंभीचा महत्त्वाचा प्रसंग मानला जातो. तो नभोवाणीवरून प्रसारित झाला. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी की नाही, हा त्याचा एकमेव विषय होता. त्या राज्यात पिछाडीवर असलेल्या ड्यूई यांनी बंदीच्या विरोधात बाजू मांडली आणि ऑरेगनची प्राथमिक निवडणूक जिंकली. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ॲडलाय स्टीव्हन्सन व एस्टिस केफॉव्हर यांचा वादविवाद दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आला.

१९६८ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या नियमांत मोठे बदल केले. त्यामुळे उमेदवार ठरविण्याचा अधिकार पक्षातील वजनदार नेत्यांच्या बैठकांतून मतदारांकडे सरकला. रिपब्लिकन पक्षातही पुढे तसेच घडले. परिणामी वादविवादांची संख्या व महत्त्व वाढत गेले.

वादविवादाचा परिणाम होण्याची कारणे

सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार पक्ष पाहून मत देतात. प्राथमिक निवडणुकीत सर्व इच्छुक एकाच पक्षाचे असल्याने हा आधार उरत नाही. इच्छुकांची धोरणेही बरीचशी सारखी असतात, आणि अनेकांची नावे मतदारांनी पूर्वी ऐकलेली नसतात. त्यामुळे मत बदलण्याची शक्यता अधिक राहते. वादविवादाचा लाभ प्रसिद्ध नेत्यापेक्षा अपरिचित उमेदवाराला जास्त होतो, कारण प्रसिद्ध नेत्याविषयी मतदाराचे मत आधीच बनलेले असते.

या संधीला काही मर्यादा आहेत. पहिली मर्यादा प्रवेशाची होय. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या वादविवादासाठी तीन जनमत चाचण्यांत किमान १ टक्का पाठिंबा किंवा ६५,००० देणगीदार अशी अट होती. तरीही २० उमेदवार पात्र ठरले आणि त्यांना दोन रात्रींत विभागावे लागले. दुसरी मर्यादा वेळेची आहे. मध्यभागी उभ्या असलेल्या आघाडीच्या उमेदवारांना अधिक प्रश्न विचारले जातात, तर कडेच्या उमेदवारांच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तिसरी मर्यादा टिकाऊपणाची असून तीच सर्वांत निर्णायक ठरते. वादविवादानंतर वाढलेला पाठिंबा टिकविण्यासाठी गावोगावी कार्यकर्ते आणि निधी लागतो. ते नसल्यास वाढ थोड्याच आठवड्यांत ओसरते.

पिछाडीवरील उमेदवारांची कामगिरी

अमेरिकेतील उदाहरणांवरून तीन प्रकार दिसून येतात.

पहिला प्रकार तात्पुरत्या उसळीचा. कार्ली फिओरिना यांना ऑगस्ट २०१५ मधील रिपब्लिकन वादविवादात मुख्य मंचावर स्थान मिळाले नव्हते. कमी पाठिंबा असलेल्या उमेदवारांच्या स्वतंत्र फेरीत त्यांनी छाप पाडली व सप्टेंबरमध्ये त्या मुख्य मंचावर पोहोचल्या. जनमत चाचण्यांत त्यांचा पाठिंबा झपाट्याने वाढला, तथापि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. जून २०१९ मध्ये कमला हॅरिस यांनी जो बायडन यांच्यावर केलेल्या टीकेने त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली; पण निधीअभावी त्या डिसेंबर २०१९ मध्येच, एकाही राज्यात मतदान होण्यापूर्वी, स्पर्धेबाहेर पडल्या.

दुसरा प्रकार दुसऱ्याला पाडून स्वतः न उठण्याचा. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यू हॅम्पशायरमधील वादविवादात क्रिस क्रिस्टी यांनी मार्को रुबियो यांच्यावर पाठ केलेली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत असल्याचा आरोप केला. रुबियो यांनी उत्तरादाखल तेच वाक्य पुन्हा उच्चारले. त्यानंतरच्या मतदानात रुबियो पाचव्या स्थानी गेले, परंतु क्रिस्टी सहाव्या स्थानी राहिले आणि त्यांनी माघार घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी मायकेल ब्लूमबर्ग यांच्याबाबत असेच केले. त्याचा लाभ वॉरन यांना न होता अखेरीस बायडन यांना झाला.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष विजयाचा असून तो दुर्मीळ आहे. २०१६ मध्ये फ्रान्समधील उजव्या व मध्यममार्गी पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत आलँ ज्युपे व निकोला सार्कोझी हे प्रमुख दावेदार मानले जात होते. तीन दूरचित्रवाणी वादविवादांनंतर फ्रांस्वा फियों यांनी २० नोव्हेंबर रोजी पहिल्या फेरीत सुमारे ४४ टक्के मते मिळविली आणि दुसऱ्या फेरीत ज्युपे यांचा पराभव केला. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या २०१५ च्या नेतेपदाच्या निवडणुकीत जेरेमी कॉर्बिन यांना ३५ खासदारांच्या शिफारशींची आवश्यकता होती. त्यांना ३६ मिळाल्या, त्याही मुदत संपण्याच्या अगदी शेवटी. चर्चा व्यापक व्हावी एवढ्याच हेतूने काही खासदारांनी त्यांची शिफारस केली होती. पुढे देशभरातील सभांतून त्यांना पाठिंबा मिळत गेला आणि ५९.५ टक्के मतांनी ते निवडून आले. मंचावर प्रवेश मिळणे हीच पिछाडीवरील उमेदवाराची खरी कसोटी असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भारतातील स्थिती

भारतात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक घेण्याचे कायदेशीर बंधन नाही. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ नुसार पक्षाने अधिकृत केलेल्या पदाधिकाऱ्याच्या स्वाक्षरीचे ‘अ’ व ‘ब’ नमुने सादर करणाऱ्या उमेदवारालाच पक्षाचे चिन्ह मिळते. बोलीभाषेत या कागदपत्रांना ‘एबी फॉर्म’ म्हणतात. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत हे नमुने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचणे आवश्यक असते. त्यामुळे अनेकदा अखेरच्या काही तासांपर्यंत इच्छुकांना आपले भवितव्य कळत नाही.

महाराष्ट्रात साधारणतः इच्छुकांकडून अर्ज मागविले जातात, पक्षनिरीक्षक किंवा जिल्हा पातळीवरील समिती मुलाखती घेते, छाननी समिती नावांची यादी तयार करते आणि राज्य किंवा केंद्रीय संसदीय मंडळ अंतिम निर्णय देते. मुलाखतीच्या दिवशी इच्छुक समर्थकांसह शक्तिप्रदर्शन करतात. मात्र मुलाखत बंद खोलीत होते. एका इच्छुकाने काय सांगितले ते दुसऱ्याला समजत नाही, आणि मतदाराला तर नाहीच.

अध्यक्षपदाच्या निवडणुका

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी झालेल्या लढती या विषयाला जवळच्या आहेत. जून १९९७ मध्ये सीताराम केसरी यांच्याविरुद्ध शरद पवार व राजेश पायलट उभे राहिले. केसरी यांना ६,२२४, पवार यांना ८८२ आणि पायलट यांना ३५४ मते पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे व शशी थरूर यांच्यात लढत झाली. खर्गे यांना नेतृत्वाची पसंती असल्याचे मानले जात होते. थरूर यांनी जाहीर वादविवादाची तयारी दर्शविली होती, परंतु असा वादविवाद झाला नाही. त्यांनी नागपूरची दीक्षाभूमी व सेवाग्राम येथे भेट देऊन प्रचार केला. निकालात खर्गे यांना ७,८९७ व थरूर यांना १,०७२ मते मिळाली, तर ४१६ मते बाद ठरली.

२०१४ चा प्रयोग

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील पंधरा-सोळा मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला. मतदानाचा अधिकार सर्वसाधारण मतदारांना नव्हता; पक्षाचे विविध पातळ्यांवरील पदाधिकारी व प्रतिनिधी मतदार होते. महाराष्ट्रात वर्धा व लातूर या जागा निवडण्यात आल्या. वर्ध्यात तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे विजयी झाले. लातूरमध्ये तत्कालीन खासदार जयवंतराव आवळे यांच्याऐवजी दत्तात्रेय बनसोडे यांना उमेदवारी मिळाली. सार्वत्रिक निवडणुकीत दोन्ही ठिकाणी भारतीय जनता पक्षाचे उमेदवार, अनुक्रमे रामदास तडस व सुनील गायकवाड, निवडून आले. गुजरातमधील वडोदरा येथे प्राथमिक निवडणूक जिंकलेल्या नरेंद्र रावत यांच्या जागी पुढे मधुसूदन मिस्त्री यांना उमेदवारी देण्यात आली.

वर्धा व लातूर येथील निकाल या पद्धतीचे दोन्ही पैलू दाखवितात. मतदार पदाधिकारीच असतील तर संघटनेवर पकड असलेल्या घराण्याला प्राथमिक निवडणूक अडसर ठरत नाही, उलट तिच्यामुळे त्या घराण्याला अधिमान्यता मिळते. दुसरीकडे, विद्यमान खासदाराला बाजूला सारून दुसऱ्या कार्यकर्त्याला संधी देण्याचे कामही तीच पद्धत करू शकते. पक्षाच्या देशव्यापी पराभवामुळे या प्रयोगाच्या गुणदोषांची स्वतंत्र परीक्षा होऊ शकली नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी भारतीय जनता पक्षाने महाराष्ट्रातील अनेक मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची नावे बंद लिफाफ्यात मागविली. यातही मत देणारे पदाधिकारीच होते व अंतिम निर्णय वरिष्ठ पातळीवरच झाला.

भोर व वेल्हे

मतदारसंघाची रचना

भोर विधानसभा मतदारसंघ (क्रमांक २०३) हा बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर भोर, वेल्हे आणि मुळशी या तालुक्यांचा त्यात समावेश होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, मुळशीची सुमारे १ लाख ७१ हजार, तर वेल्ह्याची केवळ ५४ हजारांच्या आसपास होती. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला.

या आकड्यांमुळे वेल्ह्यातील इच्छुक आरंभापासूनच पिछाडीवर असतो. तालुक्याचा वाटा मतदारसंघाच्या लोकसंख्येच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्याइतका असल्याने, उमेदवार निवडताना पक्ष ‘आपल्या तालुक्याची मते’ हा निकष लावतात तेव्हा वेल्ह्याचा दावा कमकुवत ठरतो. डोंगराळ प्रदेश, विखुरलेल्या वाड्यावस्त्या आणि कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे होणारे स्थलांतर यांमुळे प्रचाराचा खर्च व श्रम वाढतात. याउलट हिंजवडीसारख्या वेगाने वाढलेल्या गावांमुळे मुळशीचे राजकीय वजन वाढत गेले आहे.

लोकसंख्येने लहान असलेल्या या भागाचे प्रश्न मात्र लहान नाहीत. भोर तालुक्यात भाटघर व नीरा देवघर, तर वेल्हे तालुक्यात पानशेत व गुंजवणी ही धरणे आहेत. पानशेतचे पाणी पुणे शहराला, तर भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर व फलटणच्या बाजूला जाते. धरणांसाठी जमीन दिलेल्या गावांना पाणी, पुनर्वसन व रस्ते किती मिळाले, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उपस्थित होतो. या प्रश्नांवर एकाच पक्षातील दोन इच्छुकांची भूमिका वेगळी असू शकते. परंतु उमेदवारी ठरण्यापूर्वी ती मतदारांसमोर मांडली जाण्याची सोय प्रचलित पद्धतीत नाही.

थोपटे घराणे आणि १९९९ चा निकाल

काँग्रेसचे अनंतराव थोपटे यांनी भोरचे विधानसभेत सहा वेळा प्रतिनिधित्व केले. शिक्षणसंस्था, सहकारी संस्था व राजगड सहकारी साखर कारखाना यांच्या जाळ्यामुळे तालुक्यातील पक्षसंघटना व थोपटे घराणे यांत फारसा भेद उरला नव्हता. अशा स्थितीत पक्षातील दुसऱ्या इच्छुकाला उमेदवारी मिळण्याची शक्यता अत्यल्प असते.

ही कोंडी पक्षफुटीने फुटली. शरद पवार यांनी १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना केल्यावर दोन्ही काँग्रेस परस्परांविरुद्ध लढल्या. राज्याच्या मुख्यमंत्रिपदाच्या संभाव्य नावांत ज्यांचा उल्लेख होत असे त्या थोपटे यांचा राष्ट्रवादीचे काशिनाथ खुटवड यांनी पराभव केला. एकाच पक्षाच्या अंतर्गत स्पर्धेत जी लढत होऊ शकली नसती, ती दोन पक्ष झाल्यामुळे थेट मतदारांसमोर झाली. २००४ मध्ये थोपटे पुन्हा निवडून आले. या निकालाचा कडवटपणा दीर्घकाळ टिकला. मार्च २०२४ मध्ये पवार यांनी थोपटे यांच्या घरी जाऊन घेतलेली भेट म्हणूनच राजकीयदृष्ट्या लक्षणीय मानली गेली.

२००९ ते २०१९

अनंतराव यांचे पुत्र संग्राम थोपटे २००९, २०१४ व २०१९ अशा सलग तीन निवडणुकांत काँग्रेसतर्फे विजयी झाले. २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे कुलदीप कोंडे यांनी त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली. २०१९ मधील मताधिक्य दहा हजारांहून कमी होते. प्रबळ घराण्याविरुद्ध सातत्याने उभा राहणारा उमेदवार हळूहळू परिचित होत जातो आणि एका निवडणुकीतील पराभव पुढच्या निवडणुकीची पायाभरणी ठरतो, असे या आकड्यांवरून दिसते. प्राथमिक वादविवादांत पिछाडीवरील उमेदवाराला काही तासांत जी ओळख मिळते, तिच्यासाठी येथे पाच-पाच वर्षे खर्ची पडतात.

२०२४ ची निवडणूक

२०२४ मध्ये मतदारसंघातील चित्र आघाड्यांमुळे गुंतागुंतीचे झाले. महाविकास आघाडीत विद्यमान आमदाराच्या पक्षाकडे, म्हणजे काँग्रेसकडे जागा राहणार हे उघड असल्याने मित्रपक्षांतील इच्छुकांचा मार्ग बंद होता. मुळशी तालुक्यातील शंकर मांडेकर हे शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटात होते. त्यांनी निवडणुकीच्या तोंडावर अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात प्रवेश केला व त्यांना महायुतीची उमेदवारी मिळाली.

त्यामुळे महायुतीतील इतर इच्छुक नाराज झाले. शिवसेनेच्या शिंदे गटातील कुलदीप कोंडे आणि भारतीय जनता पक्षातील किरण दगडे यांनी बंडखोरी करून अपक्ष म्हणून निवडणूक लढविली. दोन बंडखोर रिंगणात असतानाही मांडेकर यांनी संग्राम थोपटे यांचा १९ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. मे महिन्यातील लोकसभा निवडणुकीत थोपटे यांनी साथ दिलेल्या सुप्रिया सुळे यांना याच मतदारसंघात मताधिक्य मिळाले होते, हे पाहता सहा महिन्यांतील हा बदल मोठा होता. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला.

तुलना

अमेरिकेतील किंवा फ्रान्समधील पिछाडीवरील उमेदवार पक्षात राहून आपल्या पक्षाच्या मतदारांना आवाहन करतो. भोरमध्ये १९९९ साली पक्षफूट आणि २०२४ साली पक्षांतर यांच्या आधारे प्रबळ दावेदाराला आव्हान देण्यात आले. दोन्ही प्रसंगी आव्हान देणाऱ्याला राज्य पातळीवरील नेत्याचे पाठबळ होते. असे पाठबळ नसलेल्यांना बंडखोरीशिवाय पर्याय राहिला नाही, आणि २०२४ मधील दोन्ही बंडखोर पराभूत झाले. पक्षांतर्गत स्पर्धेला वाव नसला की स्पर्धा नाहीशी होत नाही, ती पक्षाबाहेर जाते, असा निष्कर्ष या घटनांवरून काढता येतो.

गुणदोष

पक्षांतर्गत वादविवादांचे समर्थक म्हणतात की, त्यांच्यामुळे घराणे व पैसा यांचे महत्त्व कमी होते, स्थानिक प्रश्नांवर इच्छुकांना स्पष्ट भूमिका घ्यावी लागते आणि पराभूत इच्छुकालाही आपले म्हणणे ऐकले गेल्याचे समाधान मिळाल्याने बंडखोरीची शक्यता घटते. वेल्ह्यासारख्या कमी लोकसंख्येच्या तालुक्यातील इच्छुकाला निदान आपला प्रश्न संपूर्ण मतदारसंघासमोर मांडता येईल, हाही एक लाभ होय.

विरोधकांच्या मते, पक्षातील मतभेद चव्हाट्यावर आल्याने प्रतिपक्षाला आयते साहित्य मिळते. वक्तृत्व असलेला इच्छुक काम करणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा सरस ठरू शकतो. आघाड्यांच्या राजकारणात जागा कोणत्या पक्षाला सुटणार हेच अखेरपर्यंत ठरत नसल्याने प्राथमिक निवडणूक कधी घ्यावी, हा व्यावहारिक प्रश्नही आहे. शिवाय मतदारयादी कोणाची वापरावी यावर निकाल अवलंबून राहतो. पदाधिकारी मतदार असतील तर संघटना ज्याच्या हाती त्याचाच विजय होतो, आणि सर्वांना मतदान खुले केल्यास विरोधी पक्षाच्या समर्थकांचा शिरकाव होऊ शकतो.

या सर्व उदाहरणांत पिछाडीवरील उमेदवाराच्या यशासाठी तीन गोष्टी आवश्यक असल्याचे आढळते: मंचावर प्रवेश, मतदारांपर्यंत थेट पोहोचण्याची सोय आणि मिळालेला पाठिंबा टिकविणारी संघटना. वादविवादामुळे यांपैकी दुसरी गोष्ट साध्य होते. उर्वरित दोन गोष्टी पक्षाच्या नियमांवर आणि उमेदवाराच्या दीर्घकालीन कामावर अवलंबून असतात.